दक्षिण इटली : पुलियाला जायचं असेल तर... (अनुभव, माहिती, शंका)

निळाई

इटलीच्या धाग्यावर बऱ्याच जणांनी पुलियाबद्दल विचारलं होतं. तिथेच उत्तर देत बसले असते तर मूळ विषय बाजूला पडला असता, म्हणून हा वेगळा धागा. आम्ही दोघं आणि माझे सासू-सासरे असे मेअखेरीस जाऊन आलो.

इटलीचा बूट नकाशात बघितलात तर त्याची टाच म्हणजे पुलिया. एका अंगाला एड्रियाटिक समुद्र, दुसऱ्या अंगाला आयोनियन. मधे चुनखडीचा दगड, लाल माती आणि नजर पोचेल तिथवर ऑलिव्हची झाडं. राजधानी बारी. मुख्य विमानतळ दोन, बारी आणि ब्रिंडिसी. रोमहून बारीला थेट वेगवान गाडी आहे, साधारण चार तास लागतात.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. रोम-फ्लॉरेन्स-व्हेनिस उरकून शेवटी उरलेल्या वेळात पुलिया कोंबू नका. जायचं तर सगळी सुट्टी तिथेच घालवा आणि मुक्काम फक्त दोन ठेवा : एक वरच्या भागात मोनोपोली किंवा पोलिन्यानोला, दुसरा खाली लेच्चेला. बारी ते लेच्चे अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे, त्यामुळे या दोन ठिकाणांहून जवळजवळ सगळं बघून रात्री परत येता येतं. रोज बॅगा भरा, रोज नवं हॉटेल शोधा, यात ज्येष्ठ नागरिकांचे फार हाल होतात. शिवाय दुपारी एकनंतर तिथली दुकानं, चर्चेस सगळं बंद होतं ते साडेचार-पाचला उघडतं. ही गावं सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा बघायची असतात. मुक्काम जवळ असेल तरच ते जमतं.

बारीला बरेच जण फक्त विमानातून उतरतात आणि पुढे जातात. तसं करू नका. जुन्या बारीत सेंट निकोलसचं मोठं चर्च आहे. आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावाहून बारीच्या खलाशांनी त्यांचे अवशेष १०८७ मध्ये इथे आणले आणि त्यासाठी हे चर्च उभं राहिलं. नाताळचा सांताक्लॉज ज्यांच्यावरून आला ते हेच संत. कॅथलिकांइतकेच ऑर्थोडॉक्स भाविकही इथे येतात, तळघरात दोन्ही पंथांची प्रार्थना चालते.

पण माझ्या सासूबाईंना बारी आवडलं ते एका बोळामुळे. किल्ल्याजवळ आर्को बास्सो नावाची गल्ली आहे. तिथे बायका दारात लाकडी फळ्या मांडून ओरेकिएत्ते हा पास्ता वळत बसतात. रव्याचं पीठ आणि पाणी, बस्स, अंडं नाही. पिठाची लांब वळी करायची, सुरीने बोराएवढा तुकडा कापायचा, सुरीच्या बोथट कडेने तो फळीवर ओढायचा आणि अंगठ्याच्या टोकावर उलटा करायचा. कानाच्या पाळीसारखी वाटी तयार. हे सगळं एका झटक्यात, बोलता बोलता, फळीकडे न बघता. सासूबाईंनी आयुष्यभर गव्हले, नखुले, मालत्या केल्यात. त्या तिथे उभ्या राहिल्या त्या हलेचनात. शेवटी त्या आजींनी त्यांच्या हातात सुरी दिली. भाषा एकीला दुसरीची येत नव्हती, पण दोघींचं छान चाललं होतं. एकच सूचना : फोटो काढण्याआधी विचारा, आणि शक्य असेल तर पाकीट विकत घ्या. हे त्यांचं घर आहे आणि पोटाचा धंदाही.

अल्बेरोबेल्लोची ती शंकूच्या छपरांची घरं, म्हणजे त्रुल्ली, सगळ्यांनी फोटोत बघितलेली असतात. १९९६ पासून ती जागतिक वारसा यादीत आहेत. दगडावर दगड रचलेला, मधे चुना-माती काही नाही. यामागची हकिकत अशी सांगतात की नवी वस्ती वसवली की नेपल्सच्या राजाला कर द्यावा लागे. कोन्व्हेर्सानोच्या अक्वाव्हिव्हा घराण्यातल्या सरंजामदारांना तो चुकवायचा होता. म्हणून रयतेला चुन्याशिवाय घरं बांधायला लावली, तपासणीची कुणकुण लागली की छप्पर उतरवता यावं म्हणून. म्हणजे धन्याचा कर वाचावा म्हणून लोकांनी कधीही मोडावं लागेल अशा घरात पिढ्या काढल्या. १७९७ मध्ये राजा फर्डिनंडने गाव सरंजामदारांच्या जाचातून सोडवलं. हे माहीत असलं की त्या गोड दिसणाऱ्या घरांकडे वेगळ्या नजरेने बघितलं जातं. मोन्ती भागात दुकानंच दुकानं आहेत. समोरच्या आया पिक्कोला भागात अजून लोक राहतात, तो शांत आहे, तिथे नक्की जा.

लोकोरोतोंदो, मार्तिना फ्रांका, चिस्तेर्निनो, ओस्तुनी ही त्याच बाजूची पांढरी गावं. प्रत्येक गावात फार काही 'बघायचं' नाही. चालायचं, बसायचं, कॉफी प्यायची. मला स्वतःला लोकोरोतोंदो सगळ्यात आवडलं. ओस्तुनी लांबून, खालच्या ऑलिव्हच्या मैदानातून बघावं. टेकडीवर चुन्याने रंगवलेलं सगळं गाव उन्हात चमकत असतं.

शंका असतील तर विचारा, माहीत असेल तेवढं सांगेन.

घाटमाथा

निळाई ताई, सुंदर धागा. वाचनखूण साठवली. पुढच्या वर्षी आईवडिलांना घेऊन जायचा विचार आहे. दोघंही पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. समुद्रकाठची जागा म्हणजे सगळीकडे मासेच असणार ना? आणि गाडी चालवावी लागते का?

निळाई

@घाटमाथा, शाकाहारी माणसाला इटलीत सगळ्यात सोपा भाग हाच असेल. हा मुळात गरीब शेतकऱ्यांचा मुलूख, त्यामुळे रोजचं जेवण डाळी, पालेभाज्या, पाव आणि तेल यांचं. फावे ए चिकोरिया जरूर मागवा. वाळलेल्या बाकल्याचे सोललेले दाणे मऊ शिजवून घोटतात आणि शेजारी कडसर चिकोरीची भाजी वाढतात, वरून कच्चं ऑलिव्ह तेल. आईबाबा रोज खातील. लेच्चेकडे चिचेरी ए त्रिया मिळतं, छोले आणि पट्ट्यांचा पास्ता, त्यातल्या थोड्या पट्ट्या तळून वर घालतात. बारीचा फोकाच्चा, त्यावर छोटे टोमॅटो आणि ऑलिव्ह, गरम गरम कागदात बांधून देतात. तळलेले पान्झेरोत्ती, आत टोमॅटो आणि मोझरेला. फ्रिसेल्ले म्हणजे दोनदा भाजलेला कडक पाव, पाण्यात बुडवून वर टोमॅटो चुरडायचा. बुर्राता चीज इथलंच, आंद्रिया गावचं.

सांताक्रूझ_ते_तोरिनो

नोकरीमुळे बरीच वर्षं उत्तर इटलीतल्या तोरिनोत आहे आणि बायकोचं माहेर लेच्चेजवळचं, त्यामुळे दर उन्हाळ्यात खाली जाणं होतं. निळाई यांनी छान लिहिलंय. थोडी भर घालतो, विशेषतः शाकाहारी मंडळींसाठी.

ओरेकिएत्ते चिमे दी रापा हा पालेभाजीचा पास्ता दिसायला शाकाहारी असतो, पण फोडणीत बहुतेक वेळा आचुगे हा खारवलेला मासा विरघळवलेला असतो. मागवतानाच "सेन्झा आचुगे" (आचुगे नको) म्हणा. लेच्चेचा पास्तिच्चोत्तो हा कस्टर्ड भरलेला गोड पदार्थ पारंपरिक पद्धतीने डुकराच्या चरबीत करतात आणि कस्टर्डमध्ये अंडं असतंच. घाटमाथा, तुमच्या आईवडिलांना तो देऊ नका. वांग्याच्या पार्मिजानात कधी हॅम तर कधी अंडं असतं, विचारून घ्या. बिलात माणशी एक-दोन युरो 'कोपेर्तो' (टेबलावर बसण्याचा आकार) लावतात, ती फसवणूक नाही, तिथली रीतच आहे.

गाडीचं म्हणाल तर बारी, पोलिन्यानो, मोनोपोली, ओस्तुनी, ब्रिंडिसी, लेच्चे हे सगळं एकाच मुख्य रेल्वेमार्गावर आहे. गाडी भाड्याने न घेता अर्धं पुलिया आरामात होतं. ओस्तुनीचं स्टेशन मात्र गावापासून दूर, खाली आहे. तिथून बस घ्या, चढ आहे. अल्बेरोबेल्लो, लोकोरोतोंदो, मार्तिना फ्रांका हे वेगळ्या, सावकाश चालणाऱ्या रेल्वेवर येतात. तिकडे रविवारी गाड्यांऐवजी बसेस असतात, त्यामुळे रविवार टाळा. टाचेच्या अगदी टोकाला, ओत्रांतोच्या खाली, गाडी हवीच.

गाडी घेणार असाल तर आपल्या आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. आणि जुन्या गावांच्या वेशीवर लाल वर्तुळाची झेडटीएलची (बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेल्या भागाची) पाटी दिसली की आत शिरू नका. कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाचं पत्र कित्येक महिन्यांनी थेट घरी येतं. रस्त्याकडेला निळे पट्टे म्हणजे पैसे भरून पार्किंग, पांढरे म्हणजे फुकट, पिवळे राखीव. ऑगस्टमध्ये येऊ नका. १५ ऑगस्टच्या आगेमागे अख्खी इटली समुद्रावर असते. मेअखेर, जून किंवा सप्टेंबर उत्तम.

टपालतिकीट

धाग्यात ब्रिंडिसीचं नाव फक्त विमानतळ आणि स्टेशन म्हणून आलंय, याचं वाईट वाटलं. मुंबईकरांनी तर ब्रिंडिसीला एक संध्याकाळ द्यायलाच हवी.

१८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि १८७१ मध्ये आल्प्समधला बोगदा. त्यानंतर इंग्लंडहून हिंदुस्थानात येणारी टपाल फ्रान्सच्या किनाऱ्यावरून रेल्वेने थेट ब्रिंडिसीला येऊ लागली. तिथून बोटीने सुएझमार्गे मुंबई. लंडनहून सगळा प्रवास समुद्रातून करण्यापेक्षा यात कित्येक दिवस वाचत. पहिलं महायुद्ध सुरू होईपर्यंत, १९१४ पर्यंत हे चालू होतं. पैसे असलेले प्रवासीही याच वाटेने येत. त्या काळात मुंबईच्या पेढ्या, कचेऱ्या, वर्तमानपत्रं ज्या 'विलायतेच्या टपाली'ची वाट बघत, ती या बंदरातून सुटायची.

गोलमेज परिषदेहून परतताना गांधीजीही इथूनच बोटीत बसले. १४ डिसेंबर १९३१ ला ब्रिंडिसीहून 'पिल्स्ना' बोट निघाली आणि २८ डिसेंबरला मुंबईला लागली. आठवडाभरातच, ४ जानेवारीला, त्यांना मुंबईत अटक झाली.

बंदराकडे तोंड केलेल्या पायऱ्यांच्या माथ्यावर एक उंच रोमन खांब आहे. रोमहून निघालेला आप्पियन मार्ग ज्या शहरात संपतो ते हेच. पूर्वी तिथे जोडीने दोन खांब होते. एक १५२८ मध्ये कोसळला. त्याचे तुकडे पुढे लेच्चेला दिले गेले आणि त्यांच्यावर आज संत ओरोन्झोचा पुतळा उभा आहे. लेच्चेच्या मुख्य चौकात गेलात की वर बघा. हा आप्पियन मार्ग २०२४ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला आणि तो निर्णय झाला ती बैठक आपल्या नवी दिल्लीत भरली होती. याच गावात इ.स.पू. १९ मध्ये महाकवी व्हर्जिल वारले.

निळाई

टपालतिकीट काका, हे तुम्ही आधी लिहायला हवं होतं! आम्ही त्या पायऱ्यांवर बसलो होतो, पण गांधीजींची बोट इथून सुटली हे डोक्यात असतं तर सासरे तिथून उठलेच नसते.

रानवाटा

मी शेतीतला माणूस, म्हणून ऑलिव्हबद्दल लिहितो. सहलीच्या धाग्यात हे दुःखाचं वाटेल, पण लेच्चेच्या खाली गाडीतून जाताना सगळ्यांनाच ते दिसतं आणि कुणी सांगत नाही.

लेच्चेच्या खालच्या गल्लीपोली गावाजवळ २०१३ मध्ये झायलेला फास्टिडिओसा हा जिवाणू सापडला. झाडातून पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत तो वाढतो आणि त्या बंद पाडतो. फेसाचे बुडबुडे करणारा एक रसशोषक किडा या झाडावरून त्या झाडावर तो नेतो. झाडाचं पाणी तुटतं. आधी शेंडे करपतात, मग फांद्या, मग सगळं झाड. लागण झालेल्या झाडावर खात्रीचा इलाज नाही. लाखो झाडं गेली आहेत, त्यांत कित्येक शेकडो वर्षांची. लेच्चे ते गल्लीपोली रस्त्याने मैलोन्मैल राखाडी सांगाडे उभे दिसतात. बुंधा एवढा की दोन माणसांच्या कवेत मावू नये, सालीला पीळ पडलेले, आणि एकही हिरवं पान नाही. मी गाडी थांबवून एका बुंध्यावर हात ठेवला. लाकूड घट्ट होतं, आतून पोकळ नव्हतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं की पाऊस पडला की फुटेल.

हा काही हौसेचा बागायती भाग नव्हता. गल्लीपोलीच्या बंदरातून दिव्याचं तेल युरोपभर जायचं, लंडनमधले दिवे त्यावर जळत. रॉकेल आणि गॅस येईपर्यंत त्या गावाची सगळी श्रीमंती तेलाची. गावाखाली खडकात कोरलेले घाणे आहेत. हिवाळाभर माणसं आणि जनावरं त्या अंधारात राबत. एक घाणा बघायला खुला आहे, तो चुकवू नका.

आता लेच्चिनो आणि फाव्होलोझा या दोन जाती रोगाला बऱ्यापैकी तग धरतात असं दिसल्यावर त्यांची नवी लागवड चालू आहे. काही शेतकरी जुन्या बुंध्यांवर कलमं बांधून बघतायत. तिथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याशी भाच्यामार्फत बोललो. म्हणाला, ही रोपं मला तेल देतील की नाही माहीत नाही, पण रान मोकळं ठेवायचं नाही. आपल्याकडे फयानमध्ये आणि मग निसर्ग वादळात आंब्या-नारळाच्या बागा झोपलेल्या ज्यांनी बघितल्यात त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

ओस्तुनी ते फासानो या पट्ट्यातली पुरातन झाडं बघाच. तिथल्या मास्सेरियांत, म्हणजे तटबंदीच्या जुन्या वाड्यांत, राहायची सोय असते आणि घरचं तेल विकत मिळतं. ते घ्या. हा पैसा थेट शेतकऱ्याकडे जातो. आणि कुठलंही रोप, काडी, माती उचलून आणू नका, कृपा करून.

अबोली

रानवाटा दादा, वाचून सुन्न झाले. हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

दगडफूल

थोडा वेगळा सूर लावतो. अल्बेरोबेल्लो मला पटलं नाही. दुपारी गेलो तर चालायला जागा नव्हती. तोच वेळ मातेराला द्यावा असं माझं ठाम मत आहे. मातेरा पुलियात नाही, शेजारच्या बासिलिकाता प्रांतात आहे, पण बारीहून जवळ पडतं. दरीच्या कडेला खडकात कोरलेली घरं, सास्सी. १९५० च्या सुमारास एकेका गुहेत माणसं आणि जनावरं एकत्र राहत होती, पाणी नाही, उजेड नाही. त्यावर देशभर गदारोळ झाल्यावर १९५२ मध्ये कायदा करून हजारो लोकांना नव्या घरांत हलवलं. गाव ओस पडलं. पुढे १९९३ मध्ये जागतिक वारसा झालं आणि २०१९ मध्ये युरोपची सांस्कृतिक राजधानी. एक रात्र तिथे काढाच.

निळाई

@दगडफूल, मातेराबद्दल शंभर टक्के सहमत, एक रात्र हवीच. पण त्यासाठी अल्बेरोबेल्लो गाळू नका. सकाळी आठच्या आधी पोचा, सहलीच्या बसेस यायच्या आत. आम्ही तसंच केलं. तेव्हा रस्ते धुणारे लोक आणि मांजरं, एवढीच वर्दळ होती.

@घाटमाथा, तुमच्या आईवडिलांचे गुडघे दुखत असतील तर मातेरा जपून. सगळं पायऱ्यांचंच आहे.

मोडीवाचक

ओत्रांतोचं कॅथेड्रल कुणीच कसं लिहिलं नाही? अख्खी जमीन मोझाइकची आहे. पांतालेओने नावाच्या साधूच्या देखरेखीखाली ११६३ ते ११६५ मध्ये केलेली. दारापासून वेदीपर्यंत एक महाकाय वृक्ष पसरलाय आणि त्याच्या फांद्यांत सगळं जग : आदम-ईव्ह, नोआची नाव, सिकंदर, राजा आर्थर, आणि बारा महिन्यांची शेतीची कामं राशींसकट. त्या झाडाचं बूड कुणी तोललंय? दोन हत्तींनी! शेजारी उभं राहून बघितलं तर एकेक तुकडा नखाएवढा आणि थोडा ओबडधोबड बसवलेला. हत्तीचे पाय जरा चुकलेत, पण सोंड अगदी झोकात वळवली आहे.

त्याच चर्चमध्ये एका बाजूला काचेच्या कपाटांत माणसांची हाडं रचून ठेवली आहेत. १४८० मध्ये ऑटोमन फौजांनी शहर घेतलं तेव्हा मारल्या गेलेल्या आठशेच्या वर लोकांची. २०१३ मध्ये त्यांना संतपद दिलं गेलं. लहान मुलांना नेणार असाल तर आधी सांगून ठेवा.

गडकोट

पुलियातल्याच तारांतो शहराबद्दल दोन ओळी. १९४३ च्या सप्टेंबरमध्ये आठवी इंडियन डिव्हिजन तारांतोच्या बंदरात उतरली, त्यात मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन होती. तिथून लढत ती पोरं पार उत्तरेपर्यंत गेली. याच बटालियनच्या नामदेव जाधवांना ९ एप्रिल १९४५ च्या सेनिओ नदीवरच्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ते आपल्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातले. आमच्या घराण्यातले एकजण त्या मोहिमेत होते, म्हणून मी मुद्दाम तारांतोला गेलो. बंदराच्या कठड्यापाशी थोडा वेळ उभा राहिलो. शहरात प्राचीन ग्रीक काळातल्या सोन्याच्या दागिन्यांचं अप्रतिम संग्रहालय आहे. निव्वळ त्यासाठीसुद्धा जावं.

टपालतिकीट

गडकोट, नमस्कार त्या सगळ्यांना. यावर तुम्ही स्वतंत्र धागा काढा, आम्ही सगळे वाचू.

घाटमाथा

सगळ्यांचे आभार. ब्रिंडिसी, ओत्रांतो आणि मातेरा यादीत घातलं. शेवटची शंका : बहीण आणि तिची दोन लहान मुलंही येतायत. मुलांना पोहायला, वाळूत खेळायला कुठे न्यावं? पोलिन्यानोचा तो दोन कड्यांमधला किनारा फोटोत भारी दिसतो.

सांताक्रूझ_ते_तोरिनो

पोलिन्यानोचा लामा मोनाकिले बघायला सुंदर, पण छोटा आहे, गोट्यांचा आहे आणि गर्दी फार. मुलांना तिथे मजा येणार नाही. एड्रियाटिकच्या बाजूला बराचसा खडकाळ किनारा आहे. वाळू हवी तर लेच्चेला मुक्काम असताना आयोनियनच्या बाजूला जा : पोर्तो चेझारेओ, पुंता प्रोशुत्तो, किंवा अगदी खाली पेस्कोलूझे. पाणी बरंच आतपर्यंत उथळ आहे, लहान मुलं आरामात डुंबतात.

आमच्या सासुरवाडीला सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न असतो वारा कुठला आहे. उत्तरेचा त्रामोन्ताना सुटला असेल तर एड्रियाटिक खवळतो, मग आयोनियनकडे जायचं. दक्षिणेचा शिरोक्को असेल तर उलट. टाच इतकी अरुंद आहे की लेच्चेहून दोन्ही समुद्र तासाभराच्या आत येतात. त्यामुळे किनारा आदल्या रात्री ठरवू नका. सकाळी हॉटेलवाल्याला विचारा, तो बरोबर सांगेल. आणि मुलांसाठी रबरी सोलचे पाण्यातले बूट इथूनच घेऊन जा, खडकांवर समुद्री साळिंदरं असतात, काटा रुतला की दिवसभर रडारड.